दीर म्हणतात, ही तर नुसती वाफ!

ताई, नमस्कार.

आमचं एकत्र कुटुंब आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमचं आठ महिन्यांचं बाळ आणि धाकटे दीर. सासऱ्यांना दमा आहे. पूर्वी तेही सिगारेट ओढायचे. एकदा जोराचा अटॅक येऊन दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून घराचा एकच नियम: घरात धूर नको. दीर कॉलेजपासून सिगारेट ओढायचे, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. खाली जाऊन ओढून यायचे.

गेल्या वर्षी त्यांनी सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, घेतलं. आम्हाला आनंदच झाला. पण आता ते हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून खुशाल ओढतात. घरभर गोडसर वास. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, बाळ आहे, जरा बाहेर ओढा ना." तर म्हणाले, "वहिनी, नियम धुराचा आहे. हा धूर नाहीच. अंघोळीच्या पाण्याची निघते तशी वाफ आहे. ना राख, ना आग." आमच्या ह्यांनाही ते पटतं. सासूबाई म्हणतात, मला डोळ्यांनी दिसतो तो धूर. सासरे काहीच बोलत नाहीत, पण हल्ली जेवण झालं की लगेच खोलीत जाऊन दार लावून घेतात. भाऊजी असंही म्हणाले की खाली सिगारेटवाल्यांच्या घोळक्यात उभं राहिलो तर पुन्हा सुरू होईल, मग मला दोष देऊ नका.

ताई, हा धूर आहे की नाही ते एकदा सांगून टाका. आणि आम्ही त्यांना बाहेर जायला सांगितलं तर चूक आमची का?

– एक वहिनी

प्रिय वहिनी,

धूर नाही. तिथवर भाऊजींचं बरोबर आहे आणि सासूबाईंचं चूक. पण ती वाफही नाही, आणि भाऊजींनी नियमातून जी पळवाट काढली आहे ती सगळी या 'वाफ' शब्दावर उभी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धूर व्हायला काहीतरी जळावं लागतं. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचं तापमान 900 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. त्या आगीत तंबाखू पूर्ण जळत नाही, अर्धवट जळतो, आणि सगळा घात त्या अर्धवट जळण्यात आहे. कार्बन मोनॉक्साइड तिथेच तयार होतो, टार तिथेच, बेंझोपायरीनसारखी कर्करोग घडवणारी संयुगंही तिथेच. तंबाखूच्या धुरात 7,000 हून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यातली सुमारे 70 कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. व्हेपमध्ये पेटत काहीच नाही. आत एक बॅटरी, तारेचं बारीक वेटोळं म्हणजे कॉइल, तिच्यात ओवलेला कापूस आणि कापसात भिनलेलं लिक्विड. लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, शिवाय निकोटीन आणि फ्लेवर. प्रॉपिलीन ग्लायकॉल 188 अंशांना उकळतं, ग्लिसरीन 290 ला. लिक्विड उकळलं की काम झालं, आगीची गरजच नाही. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि टार या दोन मोठ्या शत्रूंची गोष्ट इथे जवळजवळ संपते. हे भाऊजींना मोकळ्या मनाने कबूल करा. सिगारेट सोडून त्यांनी स्वतःच्या फुफ्फुसांवर आणि हृदयावर उपकारच केले आहेत.

आता वाफेकडे येऊ. अंघोळीच्या पाण्याची वाफ म्हणजे पाणी, दुसरं काही नाही. आरशावर बसते, थोड्या वेळाने उडून जाते, मागे काही उरत नाही. भाऊजी जो ढग सोडतात तो ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो. त्या थेंबांत निकोटीन विरघळलेलं असतं, फ्लेवरची रसायनं असतात. त्याला एरोसोल म्हणतात. हे माझ्या शब्दावर मानू नका, घरातच बघा. भाऊजींची बसायची जागा ठरलेली असेल, तिच्या समोरच्या टीव्हीच्या पडद्यावर किंवा जवळच्या खिडकीच्या काचेवर बोट फिरवा. तुळतुळीत, किंचित चिकट लागेल. उन्हात काच तिरपी पाहिलीत तर दुधी पापुद्रा दिसेल, आणि बोट फिरलं तिथे स्वच्छ रेघ. गाडीच्या काचा बंद करून व्हेप ओढणाऱ्यांच्या समोरच्या काचेला आतून हाच थर बसतो आणि रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरट दिसू लागतात. तो आपोआप उडून जात नाही, पुसावा लागतो.

या थरात थोडं निकोटीनही असतं. ते नुसतं पडून राहत नाही. घरातल्या हवेत नायट्रस आम्ल थोडंफार असतंच, त्याच्याशी पृष्ठभागावरच्या निकोटीनचा संयोग होऊन नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक संयुगं तयार होतात, असं 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. तो अभ्यास सिगारेटच्या निकोटीनचा होता, आणि व्हेपमुळे घरात साचणारं निकोटीन सिगारेटपेक्षा बरंच कमी असतं, हेही लगेच सांगते. पण तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. म्हणजे रांगायचं वय, आणि हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. टीपॉयची कड चाटणारा त्या घरात तेवढा एकच माणूस आहे.

आजूबाजूला बसणाऱ्यांच्या छातीत नेमकं काय जातं? इथे मला दोन्ही बाजूंना थोडं नाराज करावं लागेल. सिगारेट हातात नुसती धरली तरी जळत राहते. इतरांच्या नाकात जाणारा बहुतेक धूर ओढणाऱ्याने सोडलेला नसतोच, तो त्या जळत्या टोकाचा असतो. व्हेपला असं टोक नाही. कुणी ओढलं तरच ढग येतो, आणि तोही ओढणाऱ्याच्या फुफ्फुसांतून गाळून येतो. त्याचे थेंब काही सेकंदांत, फार तर मिनिटांत विरतात. सिगारेटचा धूर बंद खोलीत अर्धा-अर्धा तास रेंगाळतो. त्यामुळे व्हेप ओढणाऱ्याशेजारी बसणं हे सिगारेटवाल्याशेजारी बसण्याइतकं वाईट आहे असं कुणी सांगत असेल तर ते मला मान्य नाही. पण 'काहीच जात नाही' हेही धडधडीत खोटं आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने 2018 मध्ये तोवरचं सगळं संशोधन तपासून मोठा अहवाल काढला. ई-सिगारेटमुळे घरातल्या हवेत बारीक कणांचं आणि निकोटीनचं प्रमाण वाढतं, याबद्दल पुरावा निर्णायक आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच अहवालात हेही आहे की सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात जाणारी अनेक विषारी द्रव्यं कमी होतात. वाद घालणारा माणूस या दोन वाक्यांतलं आपल्या सोयीचं तेवढं उचलतो.

डिव्हाइस जुनं झालं, कॉइल काळी पडली, कापूस कोरडा पडला की गणित आणखी बिघडतं. लिक्विड जास्त तापलं की ग्लिसरीन आणि ग्लायकॉल मोडतात आणि फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलीन अशी घसा आणि फुफ्फुसं जाळणारी द्रव्यं बनतात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या काही रसायनशास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा व्हेपची बॅटरी कमी, 3.3 व्होल्टवर असताना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत आणि 5 व्होल्टवर भरपूर सापडली. त्यावर टीका अशी झाली की इतकं तापलेलं लिक्विड इतकं करपट लागतं की ओढणारा स्वतःच थांबेल. टीकेत तथ्य आहे. पण गोड फ्लेवरमागे करपट चव थोडीफार लपते, आणि कॉइल बदलायचा आळस सगळ्यांनाच असतो. तारेतलं निकेल आणि क्रोमियमही ढगात सूक्ष्म प्रमाणात येतं.

फ्लेवरबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे: "खाण्याच्या पदार्थांत घालतात तेच तर आहे." पोटात चालतं ते छातीत चालतंच असं नाही. डायअसिटिल हा लोण्यासारखा वास देणारा पदार्थ खाल्ला तर काही होत नाही, पण पॉपकॉर्नच्या कारखान्यांत त्याची वाफ रोज हुंगणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या निकामी झाल्या. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये व्हेपचे 51 फ्लेवर तपासले तेव्हा 39 मध्ये हा पदार्थ होता. ग्लायकॉलचंही तसंच. रंगमंचावर धुकं सोडायच्या मशीनमध्ये हीच द्रव्यं असतात, आणि त्या धुक्यात नेहमी काम करणाऱ्यांच्या पाहणीत खोकला, कोरडा घसा, छाती आवळल्यासारखं वाटणं या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. ती सगळी कामाला जाणारी, धडधाकट माणसं होती. तुमच्या सासऱ्यांना दमा आहे. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच चिडलेल्या असतात, तिथे एवढंसं कारणही पुरतं. ते जेवण झालं की खोलीत जाऊन दार लावतात असं तुम्ही लिहिलंत. सगळ्या पत्रात मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं. धूर की वाफ यावर त्यांनी वाद घातला नाही, फक्त जागा बदलली.

भाऊजी बहुधा पुढे एक आकडा काढतील, म्हणून तयारीत राहा: "95 टक्के कमी घातक." हा आकडा 2015 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या अहवालातून जगभर पसरला. मुळात तो प्रयोगशाळेत मोजलेला नाही. काही तज्ज्ञांनी एकत्र बसून वेगवेगळ्या तंबाखू आणि निकोटीन उत्पादनांना घातकपणाचे गुण दिले, त्यातून आलेला तो अंदाज आहे आणि त्यावर तेव्हापासून वाद सुरू आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही 2016 मध्ये साधारण तसंच मत दिलं होतं. मी म्हणते, आकडा तंतोतंत खरा धरू. तरी तो कशाच्या तुलनेत आहे? सिगारेटच्या. भाऊजींच्या बाबतीत ही तुलना रास्त आहे, कारण ते सिगारेटवरून इकडे आले. बाळ सिगारेटवरून आलेलं नाही. सासऱ्यांनी तर ती कधीच सोडली. त्या दोघांच्या छातीत एरवी साधी हवाच गेली असती, त्यांची तुलना साध्या हवेशीच होणार, आणि साध्या हवेपेक्षा ही हवा वाईटच आहे. भाऊजी आपल्या वाट्याचा फायदा घरातल्या सगळ्यांच्या नावावर मांडतात, मेख इथे आहे. कमी धोका पत्करायचा हक्क त्यांना स्वतःपुरता आहे.

धूर की नाही, हा प्रश्न तुमच्या हॉलच्या आधी बऱ्याच सरकारांपुढे येऊन गेला. ब्रिटनच्या 2006 च्या कायद्यात धूम्रपान म्हणजे पेटवलेला पदार्थ ओढणं किंवा हातात धरणं, अशी व्याख्या आहे. व्हेप त्यात बसत नाही. म्हणजे तिथे भाऊजी खटला जिंकले असते. तरीही तिथल्या रेल्वे कंपन्यांनी आपापल्या नियमांत गाड्यांमध्ये व्हेपिंगला मनाई केली. कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये उलटा मार्ग घेतला आणि धूम्रपानाच्या व्याख्येतच व्हेप घालून टाकलं. न्यूयॉर्क शहराने त्याच्याही आधी, 2013 च्या शेवटी, सिगारेटबंदी असलेल्या जागी व्हेपलाही बंदी करणारा कायदा मंजूर केला. भारताने 2019 मध्ये कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर सरसकट बंदी आणली. तुम्ही कुठून लिहिता ते पत्रात नाही, तेव्हा तुमच्याकडचा कायदा काय आहे ते एकदा बघून घ्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या: शास्त्राने धूर नाही म्हटलं आणि कायद्याने काही ठिकाणी धूरच मानलं, यात विसंगती नाही. ती हवा कुणाकुणाची आहे, हे कायदा बघतो.

विमानात तर हा वाद कुणी घालतच नाही. अमेरिकेने 2016 मध्ये नियम स्पष्ट केला की सिगारेटला जे लागू तेच व्हेपला. आणि 2018 च्या जुलैत हाँगकाँगहून चीनमधल्या डालियनला जाणाऱ्या एका विमानात सहवैमानिकच कॉकपिटमध्ये व्हेप ओढत होता. ढग प्रवाशांपर्यंत जाऊ नये म्हणून तो हवा फिरवणारा पंखा बंद करायला गेला आणि चुकून वातानुकूलन बंद केलं. केबिनमधला हवेचा दाब घसरला, ऑक्सिजनचे मुखवटे लोंबू लागले आणि विमान हजारो फूट खाली आणावं लागलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. मला त्यात गंमत वाटते ती त्या माणसाच्या मनातल्या हिशेबाची. नुसती वाफ असती तर पंखा बंद करायला तो धावला असता का?

भीतीच्या बातम्या मात्र वादात आणू नका. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना अचानक गंभीर इजा झाल्याची लाट आली होती. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत 2,807 जणांची नोंद झाली आणि 68 जण दगावले. त्याचे फॉरवर्ड अजून फिरतात आणि सासूबाईंपर्यंत पोचलेही असतील. पण त्यामागे मुख्यतः गांजाच्या अर्काची काळ्या बाजारातली लिक्विड होती, ज्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं होतं. भाऊजींना हे माहीत असणार. तुम्ही ती बातमी पुढे केलीत की ते तिचं खंडन करतील, आणि तुमचा खरा मुद्दाही त्याच झटक्यात उडून जाईल.

तसाच दुसरा खड्डा तुमच्याच घरात असू शकतो. रात्री डासांची कॉइल लावता का? लावत असाल तर ती आधी बंद करा, मग भाऊजींशी बोला. तो अगदी अस्सल धूर आहे, जळण्यातून आलेला. एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके बारीक कण सोडते ते 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असं 2003 मध्ये झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. घरात धूर नको म्हणणाऱ्या घरात ती राजरोस जळत असेल, तर दीर त्यावर बोट ठेवणारच, आणि ठेवावंच.

आता बोलायचं कसं. माझ्या मते हे बोलणं तुम्ही एकटीने करू नये. वहिनीने दिराला दटावलं की घरात वेगळाच रंग चढतो. तुमच्या यजमानांना आधी काचेवरचं ते बोट दाखवा आणि बाळाचा बाप म्हणून त्यांना बोलू द्या. नियम सासऱ्यांनी केला होता, तेव्हा शब्दही त्यांनीच बदलले तर उत्तम. 'घरात धूर नको' यातून पळवाट निघते. 'घरातल्या हवेत कुणी काही सोडायचं नाही' यातून निघत नाही. ते बोलायला तयार नसतील तर भावाने भावाला एवढं म्हणावं: "तू सिगारेट सोडलीस, आम्हाला तुझा अभिमान आहे. हा धूर नाही, हेही कबूल. पण बाबा तुझ्यामुळे दार लावून बसतात आणि बाळाला उठून बाहेर जाता येत नाही. तू जाऊ शकतोस." यात 'तुझं व्हेप वाईट' असा एक शब्द नाही. व्हेप सोडावं की नाही हा त्यांचा प्रश्न, तो त्याच बैठकीत काढू नका. दोन्ही विषय एकत्र आले की ते पहिल्याचं उत्तर न देता दुसऱ्यावर भांडत बसतील.

घोळक्याची त्यांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. सिगारेट सोडलेल्या माणसाला पेटलेल्या सिगारेटीचा वास आणि जुना कट्टा हे दोन्ही खेचतात, ही नुसती सबब नव्हे. म्हणून त्यांना खाली पाठवू नका. गच्ची, बाल्कनी, मागचं अंगण, जे असेल ते एक ठिकाण त्यांचं म्हणून ठरवा. बाळाची खिडकी त्या बाजूला नको आणि मधलं दार लावलेलं हवं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टखाली उभं राहणं किंवा खिडकीतून तोंड बाहेर काढून ओढणं यावर तडजोड करू नका, वाऱ्याची दिशा कुणाच्या हातात नसते. बाथरूमही नको, ओलसर बंद जागेत ढग जास्त टिकतो आणि पुढचा माणूस बहुधा सासरेच असतात.

बाहेर जावं लागल्याचा एक फायदा भाऊजींचाच आहे, तो त्यांच्या लक्षात आलेला नसेल. सिगारेट संपते. दहा-बारा झुरक्यांत थोटूक उरतं आणि माणूस उठतो. व्हेप संपत नाही. टीव्ही बघता बघता हात तोंडाकडे किती वेळा गेला याचा हिशेबच राहत नाही, आणि अशा तऱ्हेने काही जण पूर्वीपेक्षा जास्त निकोटीनही घेत असतील. उठून बाहेर जायचं म्हटलं की निम्मे झुरके आळसापोटीच टळतात. 2019 मध्ये इंग्लंडात 886 जणांवर झालेल्या एका चाचणीत व्हेपच्या मदतीने सिगारेट सोडणारे वर्षअखेरीस 18 टक्के निघाले, तर निकोटीनचे पॅच-गम वगैरे वापरणारे 9.9 टक्के. म्हणजे सोडायला व्हेपचा उपयोग होतो. पण यशस्वी झालेल्या व्हेपवाल्यांपैकी 80 टक्के जण वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. पॅच-गमवाल्यांत असे 9 टक्केच होते. भाऊजींनी कधी स्वतःहून विचारलं की आता पुढे काय, तर लिक्विडच्या बाटलीवर निकोटीनचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते पायरीपायरीने खाली आणता येतं असं सांगा, आणि डॉक्टरकडे जाऊ द्या. विचारेपर्यंत गप्प राहा. आणि हो, अधूनमधून एखादी सिगारेटही चालू असेल तर व्हेपचा बराचसा फायदा पाण्यात जातो. ते यजमानांनी खासगीत विचारावं, सगळ्यांसमोर नको.

"पुन्हा सिगारेट सुरू झाली तर दोष देऊ नका" हे वाक्य मात्र तुमच्या खांद्यावर घेऊ नका. तुम्ही त्यांना व्हेप सोडायला सांगत नाही आहात, दहा पावलं चालायला सांगता आहात. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चूक तुमची नाही.

सासऱ्यांचं एक काम तुमच्याकडे देते. त्यांचा पंप हल्ली जास्त वेळा लागतो का, रात्री खोकल्याने जाग येते का, हे त्यांना बाजूला घेऊन विचारा. असे वडील मुलाचं नाव येईल म्हणून त्रास लपवतात. उत्तर हो असेल तर हॉलचा नियम ठरण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, आणि घरात कुणी व्हेप ओढतं हे डॉक्टरांना सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

शेवटचं काम आजच करायचं आहे, भांडण मिटो न मिटो. व्हेपचं लिक्विड, भरलेले पॉड (व्हेपमध्ये बसवायच्या लिक्विडच्या छोट्या डब्या) आणि वापरून टाकलेले पॉडसुद्धा बाळाचा हात पोचणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवायला लावा. लिक्विडला गोड वास असतो, बाटल्या रंगीत असतात आणि निकोटीन हे गिळल्यावरच नव्हे, कातडीतूनही शरीरात जाणारं विष आहे. एवढ्याशा बाळाला थोडंसंही जिवावर बेतू शकतं. सांडलं तर लगेच साबण-पाण्याने पुसा. बाळाच्या तोंडात गेल्याची नुसती शंका आली, उलटी झाली, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, तर घरी काही उपाय करत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. डिव्हाइस सोफ्याच्या फटीत किंवा उशाशी चार्जिंगला लावून झोपायची सवय असेल तर तीही बंद; आतली बॅटरी लिथियमची असते आणि ती पेटू शकते. मग मात्र घरात खराखुरा धूर होईल.